उत्तर वर नसते

दसरा झाला, पाऊस ओसरला आणि संध्याकाळची उन्हे पुन्हा ओटीवर येऊ लागली, त्या दिवसांतली गोष्ट. समोरच्या घरातला पाचवीतला मुलगा बुद्धिमत्ता चाचणीचे पुस्तक घेऊन आला. शिष्यवृत्तीला बसतो आहे. दिशांच्या प्रकरणातले वीसपैकी अकरा प्रश्न त्याचे चुकले होते आणि क्लासमध्ये त्याला 'दिशाहीन' असे नाव पडले होते. हे नाव मुलांनी नव्हे, शिकवणाऱ्यांनी ठेवलेले. सांगताना तो हसत होता, पण डोळे वर उचलत नव्हता.

मी म्हटले, "आधी मला सांग, उत्तर दिशा कुठे?"

त्याने बोट वर केले. अगदी वर, वाशांकडे.

मला वाटले थट्टा करतो आहे. पण थट्टा नव्हती. त्याने वही उघडून दाखवली. पानावर अधिकचे चिन्ह, वरच्या टोकाला 'उ', खाली 'द', उजवीकडे 'पू', डावीकडे 'प'. उत्तर वर, दक्षिण खाली, असे त्याच्याकडून पन्नास वेळा घोकून घेतले होते. त्याने घोकले. वर म्हणजे वर.

या मुलाचा बाप मिरकरवाड्याच्या एका बोटीवर खलाशी आहे. मी सहज विचारले, "बाबा आत्ता कुठे असतील रे?" तर हा ओटीवरून न उठता, पुस्तकातून मान न काढता हात करून म्हणाला, "ते काय, जयगडच्या बाजूला गेलेत." हात गेला तो बरोबर उत्तरेला. मधे दोन घरे, भगवतीचा डोंगर, काही दिसत नव्हते. तरी हात चुकला नाही.

मंडळी, त्या संध्याकाळपासून माझे डोके फिरलेले आहे, आणि या वयात ते फिरले की लिहून काढल्याशिवाय ठिकाणावर येत नाही. ज्या पोराला खरी उत्तर माहीत आहे, त्याला आपण कागदी उत्तर शिकवतो, ती शिकवताना खरीशी तिची गाठ घालून देत नाही, आणि वर त्यालाच दिशाहीन म्हणतो. चूक पोराची नाही. चूक शिकवणाऱ्यांची, गाईड लिहिणाऱ्यांची आणि प्रश्न काढणाऱ्यांचीही आहे. यात मी स्वतःला वगळत नाही. किंबहुना स्वतःपासूनच सुरुवात करते.

१९८० नंतरची काही वर्षे मी शिष्यवृत्तीचे जादा वर्ग घेत असे. तेव्हा ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असे. (२०१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीकडे न्यायचे ठरले आहे. तेवढ्या काळात मुले कुठली कुठे गेली.) आमच्या वर्गाचा फळा दक्षिणेकडच्या भिंतीवर होता. मी त्यावर ऐटीत अधिकचे चिन्ह काढी, वर 'उत्तर' लिही, उजवीकडे 'पूर्व'. आता विचार करा. मुले फळ्याकडे तोंड करून बसलेली, म्हणजे दक्षिणेकडे. त्यांच्या उजव्या हाताला पश्चिम. तिथे मी लिहिलेय 'पूर्व'. समोर दक्षिण, तिथे 'उत्तर'. चारही दिशा बरोब्बर उलट्या! सकाळचे ऊन डावीकडच्या खिडक्यांतून त्यांच्या वह्यांवर पडलेले असे आणि मी उजवीकडे खडू आपटून सांगत असे, ही पूर्व.

एका मुलीने एकदा हात वर केला. म्हणाली, "बाई, पण सूर्य तर तिकडून येतो." मी काय सांगितले असेल? "खिडकीकडे नको बघूस, फळ्याकडे बघ." ती गप्प बसली. पुढे वर्षभर तिने काही विचारले नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण झोप न आलेल्या रात्री आठवते ती ही.

म्हणून त्या पोराला म्हटले, पुस्तक राहू दे, चल समुद्रावर.

सूर्य मावळायला अर्धा तास होता. ऑक्टोबराच्या सुरुवातीला तो बऱ्यापैकी नेमका पश्चिमेला मावळतो, त्यामुळे सोय होती. त्याच्या चुकलेल्या प्रश्नांपैकी एक घेतला. 'अजयचे तोंड दक्षिणेकडे आहे. तो डावीकडे वळला. आता त्याचे तोंड कोणत्या दिशेला?' पोराने लिहिले होते पश्चिम. का, ते उघड आहे. अधिकच्या चिन्हात दक्षिण खाली, तिथे बाण काढला, आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे म्हणजे पानाच्या डावीकडे वळवला. डावे त्याचे स्वतःचे, वळणारा मात्र अजय. या प्रकरणातल्या निम्म्या चुका एवढ्या एकाच गोष्टीच्या असतात, आणि क्लासमध्ये त्यावर तोडगा देतात तो असा: खाली जाताना डावे-उजवे उलटे धरा. का उलटे, ते विचारायचे नाही.

वाळूवर मी त्याला म्हटले, "सूर्य उजव्या खांद्यावर घे." त्याने घेतला. "आता समोर बघतोस ती दक्षिण. अजय तू. वळ डावीकडे." वळला. "समोर काय?"

"राजिवडा."

"राजिवडा कुठल्या बाजूला?"

"उगवतीला." आणि मग स्वतःच थांबला. "म्हणजे पूर्व! बाई, मी पश्चिम लिवलंय."

यात मी काय शिकवले? काही नाही. उजव्या खांद्यावर सूर्य ठेवला एवढेच. अंधार पडेपर्यंत अकराच्या अकरा प्रश्न आम्ही वाळूत चालून सोडवले. किलोमीटरला एक पाऊल धरले. शेवटी शेवटी तर तो मला मागे टाकून मोठ्याने उत्तरे सांगत पुढे पळत होता, आणि गुडघ्यांमुळे मला तिथेच उभे राहून परीक्षकाचे काम करावे लागले.

मला 'वर' या शब्दाचा राग आहे तो आणखी एका कारणाने. आम्ही मांडवीची माणसे मारुती मंदिराला जातो ते 'वर' जातो. बाजारातून घरी येतो ते 'खाली'. कोल्हापूरला जायचे तर 'वर घाटावर'. म्हणजे आमच्या बोलण्यात वर म्हणजे उगवतीकडे आणि खाली म्हणजे समुद्राकडे, कारण जमीनच तशी उतरते. पिढ्यान् पिढ्या इथल्या माणसांचे वर पूर्वेला आहे. त्या मुलांना एके दिवशी तुम्ही सांगता की वर उत्तर, आणि हे कागदापुरते आहे असे एका शब्दाने सांगत नाही. नकाशे काढणाऱ्यांनाही उत्तर वर कोणी देवाने सांगितलेली नाही. बाराव्या शतकात सिसिलीच्या राजासाठी अल-इद्रिसी नावाच्या पंडिताने जगाचा नकाशा काढला, त्यात दक्षिण वर आहे. युरोपातल्या जुन्या धार्मिक नकाशांत पूर्व वर असे. उत्तर वर हा एक संकेत आहे. चांगला, सोयीचा संकेत आहे. पण संकेत म्हणूनच शिकवा ना.

खरे तर दिशांची ही सगळी विद्या आपल्या शब्दांतच भरून ठेवलेली आहे आणि आपण ती मुलांना देत नाही. पूर्व म्हणजे पुढची, आधीची. पश्चिम म्हणजे मागची, पश्चात् मधली. दक्षिण या शब्दाचा अर्थच उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, पुढे पूर्व, पाठीशी पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. पाठ काही करावे लागत नाही, नुसते उभे राहावे लागते. प्रदक्षिणा म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून फिरणे, म्हणजे सारखे उजवीकडे वळत राहणे. रोज देवळात जाणाऱ्या पोराला 'घड्याळाच्या काट्याच्या दिशेने' हे वेगळे समजावून सांगायला लागते, याचे मला फार आश्चर्य वाटते. (माझ्यावर एक गोष्ट उलटते, तीही सांगते. 'उत्तर' या शब्दाचा एक अर्थ 'अधिक वरचा' असा आहेच. माझा भाऊ संस्कृत शिकवायचा, तो असता तर याच मुद्द्यावर मला रात्रभर जागवले असते.)

पियरे दासेन आणि रमेश मिश्र या मानसशास्त्रज्ञांचे याच विषयावर २०१० साली पुस्तक आले आहे. त्यांनी काशीतल्या, नेपाळमधल्या आणि बालीतल्या मुलांचा अभ्यास केला. काशीत संस्कृत पाठशाळेतली मुले वस्तू कुठे आहे हे सांगताना डावे-उजवे न म्हणता पूर्व-पश्चिम म्हणण्याकडे हिंदी शाळांतल्या मुलांपेक्षा अधिक झुकलेली आढळली. कारण त्यांच्या दिनक्रमातच दिशा आहेत: कुठे तोंड करून बसायचे, कुठे तोंड करून जेवायचे. ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलँडमध्ये गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे, तीत माणसाच्या पायावर मुंगी चढली तर तुझ्या उत्तरेकडच्या पायावर मुंगी आहे असे म्हणतात. वाचताना मला आमची आजी आठवली. ती फणसाचे गरे कुठे ठेवलेत ते सांगताना 'मावळतीच्या भिंतीच्या फडताळात' म्हणे. डावे-उजवे हे तिने फक्त हातांसाठी आणि बैलांसाठी राखून ठेवलेले होते.

असो. मूळ मुद्द्यावर येते. आता प्रश्न काढणाऱ्यांची पाळी.

गाईडांमधून एक वाक्य छापलेले असते: 'दुपारी बारा वाजता सावली पडत नाही.' कोणी छापले, कोणी तपासले? रत्नागिरी साधारण सतरा अक्षांशावर आहे. सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, एकदा मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टातला तर ढगांमुळे बहुधा दिसतच नाही. डिसेंबरात भर दुपारी पाच फुटी माणसाची सावली सव्वाचार फूट लांब पडते, आणि ती उत्तरेला पडते. शिवाय बारा कुठले? आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेले. इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबारा वाजून गेल्यावर. अंगणात काठी रोवून कोणालाही पाहता येईल. पण ज्या मुलाने काठी रोवून पाहिली आणि 'उत्तरेला' असा पर्याय काळा केला, त्याचा गुण गेला.

सूर्य पूर्वेला उगवतो नि पश्चिमेला मावळतो हेही असेच ढोबळ. मांडवीच्या वाळूत वर्षभर रोज संध्याकाळी बसणाऱ्याला ठाऊक असते की डिसेंबरात तो भाट्याच्या बाजूला सरकलेला असतो आणि जूनमध्ये, ढगांनी दर्शन दिलेच तर, भगवती किल्ल्याच्या अंगाला टेकतो. खऱ्या पश्चिमेपासून दोन्हीकडे जवळजवळ पंचवीस अंश. लहान मुलांना ढोबळच सांगावे लागते, कबूल. पण ढोबळ आहे हे त्यांना एकदा तरी दाखवावे.

त्याहून मोठे दुखणे आठवीच्या आणि पोलीस भरतीच्या पुस्तकांतले. तिथे पायथागोरस येतो. ३-४-५, ५-१२-१३, ७-२४-२५. प्रश्न असा: एक माणूस निघाला, २४ किलोमीटर पश्चिमेला गेला, डावीकडे वळून ७ किलोमीटर गेला, तर परत घरी सरळ यायला किती अंतर आणि कोणती दिशा? अंतर २५, दिशा ईशान्य. उत्तरसूचीत तेच. अंतर खरे आहे. दिशा खोटी आहे. ईशान्य म्हणजे उत्तर आणि पूर्व यांच्या बरोबर मधली, पंचेचाळीस अंशांवरची. या माणसाचे घर पूर्वेपासून उत्तरेकडे जेमतेम सोळा अंश आहे, म्हणजे पूर्वच म्हणायला हवे, फार तर किंचित उत्तरेकडे. आता हा माणूस खलाशी आहे, मांडवीहून निघालाय आणि गाईडवर विश्वास ठेवून २५ किलोमीटर ईशान्येला होडी हाकतो, असे समजा. गणित करून पाहा. घरापासून बारा किलोमीटरांवर, आरे-वारेच्याही पुढे, भर समुद्रात जाऊन थांबेल. पहाटे आमच्या किनाऱ्यावर धावायचा सराव करणारी भरतीची पोरे हे असले प्रश्न घोकत असतात. उद्या यांच्यातलेच कोणी सागरी पोलिसांत जायचे.

माझ्या बहिणीचा नातू ठाण्याला असतो. २०२३ साली तलाठी भरतीला बसला होता. त्याला हे सगळे फोनवर ऐकवले तर तो हसला. म्हणाला, "आजी, एका प्रश्नाला मिनिटभरही नसतं. वाळूत कुठे चालत बसू? आणि ती परीक्षा संगणकावर होती. तिथे युक्ती लागते, सूर्य नाही लागत."

त्याचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस भरतीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे ५४ सेकंद. कागदावर झरझर बाण काढता आलेच पाहिजेत. पण तो जे युक्तीचे म्हणतो, ती कुठून येते? सायकल शिकताना कोणी सूत्र पाठ करत नाही. आधी अंग शिकते, मग डोके. ज्याने शंभर वेळा खरोखर डावीकडे वळून पाहिले आहे, तो खुर्चीत बसून डोळ्यांनी वळू शकतो, आणि त्याला सात सेकंदही लागत नाहीत. ज्याने फक्त 'खाली जाताना उलटे धरा' पाठ केले आहे, तो तिसऱ्या वळणावर विसरतो की आपण खाली चाललोय की वर. आणि विसरला की त्याच्यापाशी दुसरे काही उरत नाही. समोर राजिवडा असायला हवा, हे सांगणारे त्याच्या पुस्तकात कोणी नसते.

सगळेच प्रश्न वाईट असतात असे नाही. एक जुना प्रश्न मला फार आवडतो. 'एक माणूस पश्चिमेकडे तोंड करून शीर्षासन करतो आहे, तर त्याचा डावा हात कोणत्या दिशेला?' हा प्रश्न मी एकदा वर्गात घातला आणि वाद पेटला. शेवटी मागच्या बाकावरचा एक वांड पोरगा उठला, खिडकीतून पश्चिम कुठली ते पाहिले, आणि दप्तर ठेवायच्या कट्ट्याला टेकून सरळ डोक्यावर उभा राहिला. बाकीच्यांनी त्याचा डावा हात ओढून पाहिला. उत्तरेला! उभ्या माणसाचा दक्षिणेला असतो, हा उलटा म्हणून उत्तरेला. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले ते मला नंतर कळले. बोलणी खाल्ली. पण त्या वर्गातले एकही मूल तो प्रश्न आयुष्यात चुकले नसेल.

शाळांनी आणि क्लासांनी करायचे ते फार थोडे आहे आणि त्याला खर्च नाही. अधिकचे चिन्ह भिंतीवरच्या फळ्यावर न काढता जमिनीवर काढा, खऱ्या उत्तरेकडे 'उ' करून. एक पोरगा अजय होऊन त्यावर चालू दे, बाकीच्यांनी त्याला वळवावे. पंधरा दिवस हे झाले की मग वही घ्या, तीही जमिनीवर ठेवा आणि तिचा माथा उत्तरेकडे करा. त्यानंतर खुशाल भिंतीवर काढा, आणि काढताना म्हणा की आता आपण समजून चालतोय की वर उत्तर आहे. पहिल्यांदा वर्गात आलेल्या मुलांना आधी खिडकी दाखवा. उत्तरसूची करणाऱ्यांनी ७-२४-२५ मधला ईशान्य आणि बाराची बिनसावली एवढे दोन काढून टाकले तरी मी त्यांना दुवा देईन.

तो मुलगा आता रोज येतो. परवा त्याला मी पुस्तकाबाहेरचा घातला. तू एका चौरस्त्यावर आलास, गावांची नावे लिहिलेला खांब वादळात पडलाय, सगळ्या पाट्या भलतीकडे बघतायत, विचारायला माणूस नाही. खांब पुन्हा नीट कसा उभा करशील? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी ज्या गावासनं आलो त्याची पाटी मी आलो तिकडं करीन. बाकीच्या आपोआप जागेवर येतील." याला म्हणे दिशाहीन.

जाताना दारात घुटमळला. म्हणाला, "बाई, मी प्रश्न वाचताना कागद फिरवतो. अजय वळला की कागद पण वळवतो, मग डावं-उजवं चुकत नाही. पण क्लासात सर ओरडतात, कागद सरळ ठेव म्हणून. परीक्षेत फिरवला तर चालंल?"

मी म्हटले, "फिरव. कोणी ओरडलं तर माझं नाव सांग."